उभ्या गतीची गणितं: आधी बाण काढा, मग सूत्र लावा

अकरावीच्या पोरांना विचारा, फिजिक्समध्ये सोपं काय, तर बरेच जण गतीचं चॅप्टर सांगतील. तीन तर सूत्रं, ती पण नववीतच पाठ झालेली. आणि पेपर तपासायला घेतला की मार्क नेमके तिथंच सांडलेले असतात. सूत्र बरोबर, आकडे बरोबर, गुणाकार पण बरोबर, फक्त एक मायनस नको तिथं बसलाय किंवा हवा तिथं गायब आहे. त्यातही सरळ रस्त्यावरच्या गाडीचं गणित पोरं सोडवतात, पण तीच गती उभ्या रेषेत आली, दगड वर फेकला, की गाडं अडतं, कारण आता वर जाणं आहे, खाली येणं आहे, मध्ये थांबणं आहे, आणि प्रत्येक वेळी मनात प्रश्न, की जी प्लस घेऊ का मायनस.

म्हणून इथं सूत्रांपेक्षा चिन्हांवर जास्त बोलणार आहे. जळगाव-धुळे-नंदुरबारकडं निम्मी पोरं मराठी मिडीयमची, निम्मी सेमीची, त्यामुळं अक्षरं उच्चारतात तशीच लिहितो: यू म्हणजे सुरुवातीचा वेग, व्ही म्हणजे नंतरचा वेग, ए म्हणजे त्वरण, टी म्हणजे वेळ, एस म्हणजे विस्थापन. जी म्हणजे गुरुत्व त्वरण.

आधी हे, की ही सूत्रं चालतात कुठं

वस्तूवर फक्त गुरुत्वाकर्षण काम करत असेल तर ती मुक्त पतनात आहे असं म्हणतात. आता इथंच पहिला घोळ होतो, पोरांना वाटतं पतन म्हणजे खाली पडणं, पण हातातून सुटलेला चेंडू वर जात असताना पण मुक्त पतनातच असतो, कारण हात सुटला की त्याला वर ढकलणारं काहीच उरत नाही. जोर हातात होता, चेंडूत फक्त वेग आहे. त्याचं त्वरण सुटल्या क्षणापासून जमिनीला टेकेपर्यंत एकच, ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि दिशा कायम खाली. वर जाताना खाली, खाली येताना खाली, आणि एकदम टोकावर असताना पण खालीच.

टोकाचं जरा थांबून बघा. टोकावर वेग शून्य असतो, त्यावरून बरेच जण त्वरण पण शून्य लिहून मोकळे होतात. त्वरण खरंच शून्य झालं असतं तर वेग बदलला नसता, म्हणजे शून्यच राहिला असता, म्हणजे चेंडू तिथंच हवेत लटकून राहिला असता. तसं होत नाही ना भो. टोकावर वेग शून्यातून जातोय, थांबलेला नाही. हा प्रश्न एमसीक्यूमध्ये फिरून फिरून येतो.

जी ची किंमत सगळीकडं अगदी सारखी नसते, विषुववृत्तावर ९.७८ च्या आसपास, ध्रुवाकडं ९.८३, आपल्या खान्देशात साधारण ९.७९ भरेल. पुस्तकात ९.८ धरतात, एमसीक्यूला वेळ वाचवायला १० धरायला सांगतात. पेपरात जे दिलंय ते घ्या, स्वतःच्या मनानं १० घेतलं आणि ऑप्शन ९.८ वाले असले तर दोन ऑप्शनच्या मध्ये लटकाल. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, नीटला चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, म्हणून तिथं जास्त सांभाळा.

बाण

आता मूळ पद्धत. गणित वाचलं की सूत्र आठवायचं नाही. पेन घ्यायचं आणि एक उभी रेघ मारायची. वस्तू जिथून सुटली तिथं शून्य लिहायचं. मग रेघेच्या टोकाला बाण काढून ठरवायचं की प्लस दिशा कुठली. मी कायम वर प्लस घेतो. कुणी खाली प्लस घेत असेल तरी उत्तर तेच येतं, फक्त एकदा ठरवलं की गणित संपेपर्यंत बाण हलवायचा नाही. चुका ज्या होतात त्या बाण चुकीचा निवडल्यानं होतच नाहीत, अर्ध्या गणितात बाण फिरवल्यानं होतात, म्हणजे वर जाताना वर प्लस आणि खाली येताना मनातल्या मनात खाली प्लस.

वर प्लस घेतलं की त्वरण कायम −९.८. कायम म्हणजे कायम. वस्तू वर चाललीय का खाली हे विचारायचंच नाही. वर फेकली तर यू प्लस, खाली फेकली तर यू मायनस, नुसती सोडली तर यू शून्य. एस म्हणजे शेवटची जागा वजा सुरुवातीची जागा, म्हणजे सुटल्या जागेच्या खाली संपलं तर एस मायनस, वर संपलं तर प्लस, आणि हातात परत आलं तर शून्य. मध्ये ती किती उंच जाऊन आली याचं एस ला काही देणंघेणं नाही, ते अंतर झालं, एस म्हणजे विस्थापन.

अजून एक गैरसमज इथंच निस्तरून टाकू. त्वरण मायनस म्हणजे वेग कमी होतोय असं शाळेत कुठून तरी डोक्यात बसलेलं असतं. तसं नाही. वेगाचं आणि त्वरणाचं चिन्ह सारखं असेल तर चाल (म्हणजे दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा) वाढते, वेगळं असेल तर कमी होते. चेंडू खाली येताना वेग मायनस आणि त्वरण पण मायनस, दोन्ही सारखे, म्हणून चाल वाढत जाते. त्वरण मायनस आणि तरी वस्तू सुसाट, यात काहीच विचित्र नाही.

मग समास सोडून पाच ओळी लिहायच्या: यू, व्ही, ए, एस, टी. जे दिलंय ते चिन्हासकट समोर लिहायचं, विचारलंय तिथं प्रश्नचिन्ह, आणि जे दिलं पण नाही आणि विचारलं पण नाही तिथं फुली. सूत्र निवडायचं काम ती फुलीच करते.

व्ही = यू + ए × टी
एस = यू × टी + ½ × ए × टी²
व्ही² = यू² + २ × ए × एस

एस वर फुली असेल तर पहिलं, व्ही वर असेल तर दुसरं, टी वर असेल तर तिसरं. चौथं पण एक आहे जे पोरं विसरतात, एस = ½ × (यू + व्ही) × टी, ए वर फुली असली की ते. पाचातल्या तीन गोष्टी माहीत असल्या की उरलेल्या दोन निघतातच, त्यामुळं गणितात दोनच आकडे दिसले तर घाबरायचं नाही, तिसरा शब्दात लपलेला असतो. "सोडला" म्हणजे यू शून्य, "सर्वाधिक उंची" म्हणजे व्ही शून्य, "परत हातात" म्हणजे एस शून्य, आणि ए तर आपल्याला कायम माहीतच आहे.

विहिरीतला दगड

यावल-रावेर पट्ट्यात केळीच्या बागांसाठी पाणी खोल खोल गेलंय, विहिरीत डोकावून पाणी किती खाली आहे ते दिसत पण नाही कधी कधी. काठावरून दगड सोडायचा आणि मोबाईलच्या स्टॉपवॉचवर आवाज यायची वेळ बघायची, २ सेकंद आली समजा.

यू = ०, ए = −९.८, टी = २, एस = ?, व्ही वर फुली. म्हणजे दुसरं सूत्र.

एस = ० + ½ × (−९.८) × ४ = −१९.६ मीटर

मायनस आलं म्हणून गोंधळायचं नाही, तो सांगतोय की पाणी काठाच्या खाली आहे, वर नाही. खोली १९.६ मीटर. पुस्तकातलं उत्तर इथं संपतं.

पण खरी विहीर इथं संपत नाही. त्या २ सेकंदात दोन कामं झाली, दगड खाली गेला आणि आवाज वर आला. आवाजाला पण वेळ लागतो, उन्हाळ्याच्या गरम हवेत तो साधारण ३५० मीटर प्रति सेकंदानं येतो. खोली एच धरली तर पडायची वेळ अधिक आवाजाची वेळ, म्हणजे √(२एच/९.८) + एच/३५० = २. याचं उत्तर १८.६ मीटरच्या जवळ येतं, साठेक फूट. म्हणजे आवाज धरला नाही तर आपण विहीर एक मीटर जास्त खोल सांगतो.

आता पोरं म्हणतात वा, एकदम अचूक झालं. थांबा जरा. बटण दाबायला माणसाला सेकंदाचा पाचवा भाग तरी इकडं तिकडं होतो. २ च्या जागी १.८ धरा, खोली १५.९ येते, २.२ धरा, २३.७ येते. चार-चार मीटरचा फरक दोन्ही बाजूला! कारण दगड त्या शेवटच्या क्षणाला सेकंदाला वीस मीटर खाली जातोय, बोट थोडं चुकलं की मीटरच्या मीटर गेले. म्हणजे आवाजाची दुरुस्ती करत बसण्याआधी वेळ चार-पाच वेळा मोजून सरासरी काढा, त्याचा फायदा जास्त. आणि दगड अंगठ्याएवढाच घ्या, खाली मोटर असते, अन् विहीर ज्याची त्याला विचारून.

टाकीवरून वर फेकलं तर, आणि दोन उत्तरांचं काय करायचं

गावाच्या पाण्याच्या टाकीचा माथा जमिनीपासून १४.७ मीटर आहे असं धरा. वरच्या काठावरून एक चेंडू सरळ वर ९.८ मीटर प्रति सेकंदानं फेकला, तो टाकीच्या बाजूनं थेट जमिनीवर पडला. किती वेळ लागला?

पोरं काय करतात, आधी वर जायची वेळ काढतात, १ सेकंद. मग उंची, ४.९ मीटर. मग ती १४.७ मध्ये मिळवून १९.६, मग तिथून पडायची वेळ, २ सेकंद. बेरीज ३. उत्तर बरोबर आहे, पद्धत पण चूक नाही, पण तीन गणितं झाली आणि प्रत्येकात बाण फिरायची एक संधी. त्यापेक्षा सुटल्यापासून टेकेपर्यंत त्वरण एकच आहे ना, मग गणित पण एकच.

यू = +९.८, ए = −९.८, एस = −१४.७, टी = ?

−१४.७ = ९.८ × टी − ४.९ × टी²

सगळ्याला ४.९ नं भागलं की टी² − २टी − ३ = ०, म्हणजे (टी − ३)(टी + १) = ०. टी = ३ किंवा टी = −१.

इथं मागच्या बाकावरून आवाज येतोच, "सर, मायनसमा उत्तर ऊनं, आते काय करू?" वेळ मायनस नसते म्हणून खोडून टाक, एवढं सांगून पुढं जाता येतं, पण त्या मायनस एकला पण अर्थ आहे. समीकरणाला टाकी माहीत नाही, फेकणारा माहीत नाही, त्याला फक्त एक वक्र रस्ता माहीत आहे. तो सांगतोय की हाच चेंडू फेकायच्या १ सेकंद आधी जमिनीवरून निघाला असता, १९.६ मीटर प्रति सेकंदानं, तर टाकीच्या माथ्याजवळून जाताना त्याचा वेग बरोबर ९.८ असता आणि पुढचं सगळं सारखंच घडलं असतं. पडताना जमिनीवरचा वेग काढून बघा: ९.८ − ९.८ × ३ = −१९.६. तोच आकडा, उलटी दिशा. आपल्या गणितात चेंडू टी = ० ला टाकीवरून सुटला, त्याआधीचा भाग घडलेलाच नाही, म्हणून −१ सोडायचं आणि ३ घ्यायचं.

दोन उत्तरातलं कुठलं घ्यायचं हा प्रश्न आपल्या मातीत फार जुना आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात माकडांचं एक गणित येतं: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली, एक बाहेर दिसतंय, तर एकूण किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ माकडं, आणि असं ऋण काही लोकांना पटत नाही म्हणून ते घ्यायचं नाही असं त्यांनी सांगून ठेवलंय. म्हणजे समीकरण सोडवून झालं की उत्तर परत गोष्टीत नेऊन तपासायचं, हे काम साडेआठशे वर्षांपूर्वी पण होतं.

आणि दर वेळी एक उत्तर टाकायचंच असतं असं पण नाही. चेंडू जमिनीवरून १९.६ नं वर फेकला आणि विचारलं की १४.७ मीटर उंचीवर कधी असेल, तर टी = १ आणि टी = ३ येतं. एकदा जाताना, एकदा येताना. दोन्ही खरी. इथं एक खोडलं तर मार्क गेला.

क्रेनच्या बकेटमधून निसटलेला दगड

विहीर खोदताना क्रेननं मुरुमाची बकेट वर ओढतात ते सगळ्यांनी पाहिलंय. बकेट २ मीटर प्रति सेकंद अशा एकसारख्या वेगानं वर चाललीय, तळापासून १२ मीटरवर असताना एक दगड कडेवरून निसटला. तळाला कधी पोचेल आणि किती वेगानं?

"निसटला" म्हटल्यावर दहातले आठ जण यू = ० लिहितात. पण निसटण्याच्या क्षणापर्यंत तो दगड बकेटबरोबर वर चालला होता ना, त्याचा स्वतःचा वेग २ मीटर वर. बकेट सुटली म्हणून वेग लगेच पुसला जात नाही. शून्य आहे ते बकेटच्या मानानं, जमिनीच्या मानानं नाही, आणि आपला बाण जमिनीला बांधलेला आहे.

यू = +२, ए = −९.८, एस = −१२

−१२ = २ × टी − ४.९ × टी²
४.९ × टी² − २ × टी − १२ = ०
टी = (२ + √(४ + २३५.२)) / ९.८ = १७.४७ / ९.८ = १.७८ सेकंद

यू शून्य धरलं असतं तर १.५६ आलं असतं, आणि परीक्षा काढणारे हुशार, तो १.५६ ऑप्शनमध्ये ठेवतातच. तळाशी वेग: व्ही² = ४ + २ × (−९.८) × (−१२) = २३९.२, म्हणून व्ही = −१५.५ मीटर प्रति सेकंद, मायनस कारण खाली. वर्गमूळ घेताना प्लस का मायनस हे कॅल्क्युलेटर सांगत नाही, चित्र सांगतं. किलोमीटरमध्ये हा वेग ताशी ५५ च्या वर जातो, म्हणजे मुठीएवढा दगड बाईकच्या स्पीडनं डोक्यावर. खाली काम करणाऱ्याला हेल्मेट का लागतं ते एवढ्यावरून कळतं.

यात एक गंमत, दगड निसटल्यावर आधी अजून वर जातो, ४ भागिले १९.६, साधारण २० सेंटीमीटर, आणि मग खाली येतो. बकेटमध्ये बसून कुणी बघत असेल तर त्याला मात्र तो लगेच खाली जाताना दिसेल, कारण बकेट त्याच्याही पेक्षा जोरात वर चाललीय. हेच गणित पुस्तकात वर जाणाऱ्या फुग्याच्या, हेलिकॉप्टरच्या नावानं येतं. वेष बदललेला, माणूस तोच.

दोन वस्तू एकमेकींना भेटतात तेव्हा

४० मीटर उंचीवरून एक चेंडू सोडला, त्याच क्षणी खालून दुसरा २० मीटर प्रति सेकंदानं वर फेकला. कुठं भेटतील? दोघांचा बाण एकच, शून्य पण एकच (इथं जमिनीवर ठेवा). पहिल्याची जागा ४० − ४.९टी², दुसऱ्याची २०टी − ४.९टी². भेटले म्हणजे जागा सारखी, ४.९टी² दोन्हीकडून कटतं, उरतं ४० = २०टी, म्हणजे २ सेकंद. उंची ४० − १९.६ = २०.४ मीटर. दोघांना गुरुत्वाकर्षण सारखंच ओढतंय, त्यामुळं एकमेकांच्या मानानं ते सरळ एकसारख्या वेगानं जवळ येतात, जी चा काही संबंधच नाही, हे एकदा ओळखलं की अशी गणितं तोंडी सुटतात. फक्त एक तपासा, दुसरा चेंडू तोपर्यंत परत जमिनीवर तर पडला नाही ना. तो चार सेकंदांच्या वर हवेत असतो, म्हणून इथं चालतंय.

एक आधी सोडला आणि दुसरा सेकंदभरानं फेकला असेल तर दुसऱ्यासाठी टी च्या जागी (टी − १) लिहा. तेवढाच फरक.

गणित तोडायचं कधी

वर म्हटलं की तुकडे पाडू नका. पण एका ठिकाणी पाडावेच लागतात, त्वरण बदलतं तिथं. दिवाळीतलं रॉकेट घ्या. दारू जळते तोवर २ सेकंद ते १२ मीटर प्रति सेकंद वर्ग या त्वरणानं वर गेलं (खऱ्या रॉकेटचं त्वरण इतकं एकसारखं नसतं, पण गणितात धरतात), मग दारू संपली. किती उंच जाईल?

पहिला तुकडा: यू = ०, ए = +१२, टी = २. व्ही = २४, एस = २४ मीटर. दुसरा तुकडा: यू = +२४, ए = −९.८, व्ही = ०. एस = ५७६ / १९.६ = २९.४ मीटर. एकूण ५३.४ मीटर.

पहिल्या तुकड्याचा व्ही म्हणजेच दुसऱ्याचा यू, सांधा तिथं असतो, आणि गोंधळ पण तिथंच: दारू संपली म्हणजे रॉकेट थांबलं असं वाटतं, उलट त्याच क्षणी त्याचा वेग सगळ्यात जास्त असतो. आता दारू संपल्यापासून जमिनीवर पडेपर्यंत किती वेळ, हे विचारलं तर परत वर-खाली तुकडे नको, −२४ = २४टी − ४.९टी², टी = ५.७५ सेकंद. सुरुवातीचे २ धरून ७.७५. पॅराशूट उघडलं, दोरी तुटली, चेंडू वाळूत रुतला, अशा सगळ्या ठिकाणी त्वरण बदलतं, तिथं नवीन पाच ओळी लिहायच्या. बाण मात्र जुनाच.

शेवटचा सेकंद वगैरे

"शेवटच्या सेकंदात २४.५ मीटर पडला, एकूण उंची किती" हा टाईप दरवर्षी कुठं ना कुठं असतो. सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९, दुसऱ्यात १४.७, तिसऱ्यात २४.५ मीटर पडते, म्हणजे १, ३, ५ अशी विषम संख्यांची ओळ, गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात मांडलेली. २४.५ म्हणजे ४.९ ची पाचपट, म्हणजे तिसरा सेकंद, म्हणजे एकूण ३ सेकंद आणि उंची ४४.१ मीटर. बास. पण ही ओळ यू शून्य असेल तरच, खाली फेकलेल्या वस्तूला लावू नका.

वेग-वेळ आलेख विचारला तर वर फेकलेल्या वस्तूची एकच सरळ तिरपी रेघ येते, प्लसमधून शून्य ओलांडून मायनसमध्ये, उतार सगळीकडं −९.८. इंग्रजी व्ही अक्षरासारखा कोपरा काढलात तर तो चालीचा आलेख झाला, वेगाचा नाही.

उत्तर आलं की एक नजर मारायची सवय लावा. १ सेकंदात साधारण ५ मीटर, २ सेकंदात २०, ३ सेकंदात ४४, एवढं डोक्यात ठेवलं की दहा मजली बिल्डिंगवरून पडायला १२ सेकंद असलं काही लिहिलं जाणार नाही. ताशी किलोमीटर दिलं असेल तर आधी ३.६ नं भागा. फूट दिलं असेल तर ०.३०५ नं गुणा. आणि दगडाचं वस्तुमान दिलं असेल तर ते बहुतेक नुसतं फसवायला दिलंय, या सूत्रांत वस्तुमान कुठंच नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवले होते, दोन्ही बरोबरच टेकले.

चंद्रावर हवा नाही म्हणून ते जमलं. आपल्याकडं हवा आहे, आणि ती कधी दुर्लक्षायची ते कळलं पाहिजे. विहिरीतल्या दगडाला फारसा फरक पडत नाही, पण पावसाचा थेंब १ किलोमीटरवरून या सूत्रानं काढला तर १४० मीटर प्रति सेकंद येतो, ताशी ५०० किलोमीटर! असा पाऊस पडला असता तर केळीचं एक पान शाबूत राहिलं नसतं. खरा मोठा थेंब हवेच्या विरोधामुळं ९ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास अडकतो आणि पुढं वेग वाढतच नाही. म्हणून पेपरात "हवेचा विरोध नगण्य" लिहिलेलं असतं, ते वाक्य शोभेसाठी नसतं.

आता तीन गणितं स्वतः करून बघा, बाण काढूनच.

एक, तीच क्रेन, तीच १२ मीटर उंची, पण बकेट २ मीटर प्रति सेकंदानं खाली चाललीय. वेळ १.३७ सेकंद यायला पाहिजे, आणि तळाचा वेग मात्र आधीइतकाच, १५.५. का सारखा आला ते तिसऱ्या सूत्रात यू चा वर्ग बघितला की दिसेल.

दोन, जमिनीवरून वर फेकलेला चेंडू एकाच खिडकीसमोरून १ सेकंदाला जाताना आणि ३ सेकंदाला येताना दिसला. फेकायचा वेग १९.६, खिडकी १४.७ मीटरवर. हे आकडे वर कुठं तरी येऊन गेलेत, पण समीकरण मांडूनच काढा.

तीन, जरा अवघड: सोडलेली वस्तू एकूण उंचीची निम्मी उंची शेवटच्या एका सेकंदात पडली. एकूण वेळ ३.४१ सेकंद, उंची ५७.१ मीटर. इथं वर्गसमीकरणाचं दुसरं उत्तर ०.५९ सेकंद येतं, ते का चालत नाही ते एका ओळीत वहीत लिहा, कारण या वेळी ते मायनस पण नाहीये.